चौसष्ट प्रश्न आणि एक आजी

लोणावळ्याजवळच्या औंढ्यातल्या पहिल्याच घरी मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, "आम्ही सर्व्हेला आलोय," आणि ओट्यावर बसलेले आबा काठी टेकत उठून उभेच राहिले.

"कोनचा गट नंबर?"

"जमिनीचा नाही आबा. लहान मुलांचा सर्व्हे आहे."

"पोरांच्या नावावर अजून काय केलं न्हाई आमी," असं म्हणून त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं.

चूक माझीच होती. मी लोणावळ्यात वाढलेली; मावळात सर्व्हे म्हणजे मोजणी आणि मोजणी म्हणजे कुणीतरी जमीन घ्यायला आलं, हे मला कळायला हवं होतं. पुढच्या घरापासून मी "मुलांची माहिती घ्यायला आलेय" असं म्हणायला लागले. मग लोक मला पोलिओच्या डोसवाली समजून मुलांना लपवायला लागले. तरी दार लावण्यापेक्षा ते बरं, कारण लपवलेलं मूल निदान घरात असायचं.

बालविकासाच्या संशोधनात क्षेत्र-अन्वेषक, हे माझ्या नोकरीचं नाव. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत होतं की मी शिक्षिका आहे, फक्त मला अजून शाळा मिळालेली नाही. काम सांगायला सोपं आहे. पुण्यातली एक संस्था अभ्यास ठरवायची. तीन ते सहा वयाची मुलं कशी वाढतायत आणि त्यांना वाढवणाऱ्या माणसाच्या मनात मुलांबद्दल काय आहे, या दोन गोष्टींचा काही संबंध लागतो का, ते शोधायचं. मुलासाठी माझ्याकडे एक पिशवी असायची. तिच्यात लाकडी ठोकळे, मणी, दोरा आणि चित्रांचे पत्ते. मोठ्या माणसासाठी चौसष्ट प्रश्नांची छापील पुस्तिका. बहुतेक प्रश्न म्हणजे एकेक विधान, आणि खाली पाच चौकोन: पूर्ण सहमत, काही अंशी सहमत, सांगता येत नाही, काही अंशी असहमत, पूर्ण असहमत.

ही पुस्तिका पुण्यात एसीत बसून कुणीतरी मराठीत आणली होती. तिच्यात मुलाला सांभाळणाऱ्याला 'मुख्य संगोपनकर्ता' म्हटलं होतं. "तुमच्या घरी मुख्य संगोपनकर्ता कोण?" असं विचारलं की बाया एकमेकींकडे बघायच्या आणि एखादी हळूच म्हणायची, "ते गावाला गेल्यात." चौकोनांचंही तेच. "काही अंशी असहमत म्हणजे थोडंसं नाही," असं मी एकीला समजावलं. ती म्हणाली, "थोडंसं न्हाई म्हंजी व्हयच की वो."

आम्हाला नियम शिकवले होते आणि मी ते शिकवले तसे पाळायची. उत्तर सुचवायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. समोरचा माणूस भरकटला, तर हसतमुखाने त्याला प्रश्नावर परत आणायचं. त्यासाठी एक वाक्यही पाठ करून घेतलं होतं: "आपण आधी प्रश्नाचं उत्तर देऊया का?" हे वाक्य मी इतकं छान म्हणायची की नव्या मुलींच्या प्रशिक्षणात मला पुढे उभं करून ते म्हणायला लावायचे. मला त्याचा अभिमान होता.

पुस्तिकेची चाचणी ओळखीच्या माणसावर घ्यायची असते. माझ्या मुलीला सांभाळायला माझी आई होती, म्हणून मी तिच्यासमोर बसले. चौथा प्रश्न होता, मुलाची आई त्याच्याशी दररोज किमान अर्धा तास खेळते. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लिही, आई दुसऱ्यांची पोरं मोजायला जाते." मी म्हटलं, "आई, पाचातलं एक सांग." ती म्हणाली, "मग लिही सहमत. तुझ्या साहेबांसमोर तुझी लाज कशाला?" लोक खोटं का बोलतात यावर प्रशिक्षणात दीड दिवस व्याख्यान झालं होतं. मला ते त्या दुपारी कळलं.

अभ्यासात गावातली घरं होती तशी लोणावळ्यातलीही होती. तुंगार्लीच्या एका बंगल्यात मला फार सुंदर मुलाखत मिळाली. बाईंनी मला थंड पाणी आणि फळांची बशी दिली आणि चौसष्ट प्रश्नांची उत्तरं न अडखळता दिली. मुलाला टीव्ही किंवा मोबाईल दाखवत भरवू नये: पूर्ण सहमत. मुलाच्या भावना समजून घ्याव्यात: पूर्ण सहमत. मारू नये, ओरडू नये, रोज गोष्ट सांगावी: सहमत, सहमत, सहमत. हे सगळं चालू असताना शेजारच्या खोलीतून मोबाईलवरची बालगीतं येत होती आणि मधूनमधून सांभाळणाऱ्या मुलीचा आवाज, "आ कर, आ कर, नाहीतर बंद करीन हां." पुस्तिकेत निरीक्षणासाठी एक रकाना होता, बोटाएवढा. तिथे मी लिहिलं, 'वातावरण उत्साहवर्धक.' त्या बाईंना संपूर्ण अभ्यासातले सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

सगळ्यांत कमी गुण मिळाले भाजे गावच्या यमुनामावशीला. मला जी गोष्ट सांगायची आहे ती तिची.

मळवली स्टेशनावर उतरून भाज्याला चालत जायचं आणि गाव ओलांडून चढावर लागलं की सात-आठ घरांची वाडी. यमुनामावशी तिथली. शनिवार-रविवार लेणी बघायला येणाऱ्यांना पायथ्याशी काकडी, ताक विकायची आणि बाकीचे दिवस मिळेल त्या शेतात मजुरीला जायची. मुलगा एका हॉटेलच्या भटारखान्यात, सून लोणावळ्यात चिक्कीच्या पॅकिंगला. नात रूपा, तेव्हा चार वर्षांची, दिवसभर आजीजवळ.

मी ठोकळे काढले. रूपाने ते एकावर एक असे रचले की मला वाटलं हिला आधी कुणीतरी शिकवून ठेवलंय. मणी तिने माझ्याहून लवकर ओवले. मग मी चित्रं पसरली आणि म्हटलं, "कुत्रा दाखव." रूपा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्या हाताकडे बघितलं, मग पुन्हा तोंडाकडे, आणि तिने माझ्या बोटांच्या सगळ्यांत जवळ होतं ते चित्र उचललं. छत्रीचं. नियमाप्रमाणे मी प्रत्येक प्रश्न दोनदा विचारला. नियमाप्रमाणे लिहिलं, 'भाषा: प्रतिसाद नाही.'

मग मावशीची पाळी.

"मुलाला बोलावताना तुम्ही मोठ्याने ओरडता का?"

"न्हाई वो. वरडून काय उपेग न्हाई. खडा मारते."

"खडा?"

"बारका. तिच्या म्होरं टाकायचा. न्हाईतर पाय आपटते."

"मुलाशी दिवसातून किती वेळ बोलता?"

"बोलत न्हाई."

"गोष्टी सांगता?"

"त्या कशा सांगायच्या?"

मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं, 'मुलाला खडे मारते. संवाद नाही.' मावशी मध्येच काहीतरी सांगायला लागली होती, हात हलवून, रूपाकडे बोट करून. मला ते आज शब्दशः आठवत नाही, कारण मी ते ऐकलं नव्हतं. मी माझं ते सुंदर वाक्य म्हणाले. मावशी गप्प झाली आणि उरलेल्या प्रश्नांना तिने "व्हय" आणि "न्हाई" एवढीच उत्तरं दिली. मला त्याचंही समाधान वाटलं. मुलाखत वेळेत संपली.

अभ्यास दोन फेऱ्यांचा होता. त्याच मुलांना बरोबर एका वर्षाने पुन्हा बघायचं, म्हणजे वाढ मोजता येते. वर्षाने मी पुन्हा तो चढ चढले. रूपा उंच झाली होती. ठोकळे आता तिला पोरखेळ वाटले. तिने त्यांचं घर केलं आणि दाराला आडणा लावला. चित्रं पसरली तशी तिने माझ्या हाताजवळचं चित्र उचललं. बैलगाडीचं. मी 'कुत्रा' म्हणाले होते.

मी पुस्तिका उघडली, चौसष्ट प्रश्न संपवले, सही घेतली आणि पिशवी आवरायला लागले. तेव्हा मावशी म्हणाली, "झालं तुमचं इचारून?"

"झालं मावशी."

"मग आता मी येक इचारू? का त्येला बी कागुद लागतोय?"

मी हसले. "विचारा की."

"ही माझ्याकडं तोंड करून बसली की माझी आसती. मी हात केला, डोळं केलं, की समदं कळतं. पाठ फिरवली की माझी न्हाई. चुलीवरचं दूध उतू गेलं, डबा पडला, कुत्रं भुकलं, ही वळत न्हाई. पन खालनं ट्रॅक्टर वर याला लागला की माझ्या आदी हिला कळतं. पायाला कळतं. भुईवर हात ठिवती न हसती. ह्ये कशापाई?"

मी पिशवीची चेन लावत होते. हात तसेच राहिले. रूपा आमच्याकडे पाठ करून ठोकळ्यांच्या घरात चिंचोके भरत होती. मी जवळच्या पितळी तांब्यावर उलथनं आपटलं. शेजारच्या घरातली कोंबडीसुद्धा दचकली. रूपा चिंचोके भरत राहिली.

"मावशी, हिला ऐकू येत नाही."

"ते मला ती रांगत हुती तवापास्नं दिसतंय," मावशी म्हणाली. "येका डाक्टरला दावलं, तर म्हनला, काही पोरं उशिरा बोलत्यात. मागल्या टायमाला तुमाला बी सांगाया लागल्ये हुते. तुमी म्हन्ला, आपन आधी प्रश्नाचं उत्तर देऊया का."

तिने ते वाक्य माझ्याच सुरात म्हटलं. हसतमुखाने. वर्षभर तिने ते जपून ठेवलं असावं.

खडा तिने कधी रूपाला मारलाच नव्हता. तो रूपाच्या पुढ्यात पडायचा, तिला दिसेल असा, म्हणजे ती मान वर करेल आणि आजीचे हात बघेल. पाय आपटायची, कारण शेणाने सारवलेल्या भुईतून ते रूपाच्या तळपायाला पोचायचं. भूक, तहान, साप, पाऊस, आई आली, बाबा उद्या येणार, या सगळ्यासाठी दोघींच्या खुणा होत्या. मावशीने त्या मला एकेक करून दाखवल्या. माझ्या पुस्तिकेत या सगळ्याचं नाव 'संवाद नाही' असं होतं.

खाली येऊन मी स्टेशनवरून आमच्या प्रमुखांना फोन लावला. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. शिस्तीच्या होत्या, पण दुष्ट नव्हत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मी हिला पुण्याला तपासायला आणते."

"सुनंदा, अभ्यास चालू आहे. तू मध्ये पडलीस तर नमुना बिघडतो."

नमुना म्हणजे आमच्या भाषेत अभ्यासासाठी निवडलेली माणसं.

"मॅडम, नमुन्याला ऐकू येत नाहीये."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "शनिवारी तुला सुट्टी असते ना?"

"हो."

"सुट्टीच्या दिवशी तू कुणाला कुठे नेतेस हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही."

आम्ही शनिवारी गेलो. मावशी, रूपा, एक दिवसाचा खाडा करून आलेली सून संगीता आणि मी. पुण्यातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात रूपाला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर भलेमोठे हेडफोन घातले. तपासणारी मुलगी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली वाटत होती. तिने बटणं दाबली, आलेख काढला, आणि सांगितलं की दोन्ही कानांना खूप कमी ऐकू येतं. यंत्र लावलं तर काही प्रमाणात येईल. शिकवायला लागेल, वेळ लागेल. आणि लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं.

"वर्षभर आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

"या वयात एक वर्ष म्हणजे खूप असतं हो," ती सहज म्हणाली आणि माझ्याकडे फॉर्म सरकवला. फॉर्मवर लिहिलं होतं, 'मुलाला कोण सांभाळते?' साध्या मराठीत. संगीताने लिहिलं, 'सासूबाई.' मग पेन टेकवून थोडी थांबली आणि मला म्हणाली, "ताई, मला वाटायचं ती माझ्यावर रुसलीय. संध्याकाळी आले की मागून हाक मारायची, तर बघायचीच नाही. मी दिवसभर नसते म्हणून." मी तिला समजावत काहीतरी बोलले. सल्ला द्यायचा नाही हा नियम मी आता दुसऱ्यांदा मोडला, आणि रूपाला इथे आणायचं ठरवताना मोडला होता त्यापेक्षा सोपा गेला.

यंत्र मिळायला आणखी काही आठवडे गेले. ज्या दिवशी ते रूपाच्या कानाला लावलं त्या दिवशी आम्ही तिघी तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो. प्रत्येकीची मनातल्या मनात इच्छा होती की तिने पहिलं आपलंच ऐकावं. मावशीने घसा साफ केला. संगीता "रूपा" म्हणायला ओठ उघडणार, एवढ्यात पलीकडे कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. रूपाने किंकाळी फोडली, यंत्र ओढून फेकलं आणि आजीच्या पदरात घुसली.

मावशी म्हणाली, "घ्या. बाईचा जलम. पैलं ऐकलं ते भांडंच."

आम्ही इतक्या हसलो की नर्स रागवायला आली. रूपा मात्र दोन दिवस यंत्राला हात लावू देत नव्हती. मग वाडीवर, ट्रॅक्टर येताना, ती ते स्वतःच्या हाताने लावून घ्यायला लागली. नंतर लोणावळ्याला एक शिकवणाऱ्या बाई मिळाल्या. संगीताने कामाच्या वेळा बदलून घेतल्या. रूपा बोलायला लागली, पण तुटक. काही अक्षरं तिला अजून सापडत नाहीत. ती सापडतील की नाही, आणि त्यांतली किती अक्षरं त्या एका वर्षात गेली, ते मला कुणी सांगू शकलेलं नाही. मीही कुणाला फारसं विचारत नाही.

अभ्यासाचा अहवाल यथावकाश छापून आला. जाड, गुळगुळीत कागदाचा, इंग्रजीत. पुण्यात मोठ्या सभागृहात त्याचं सादरीकरण झालं. संगोपनकर्त्याचा दृष्टिकोन जितका चांगला, तितका मुलाचा भाषाविकास चांगला, असा निष्कर्ष होता. उदाहरण म्हणून, नाव न घेता, लोणावळ्यातल्या एका आदर्श मातेचं वर्णन होतं. मी ते लगेच ओळखलं, फळांच्या बशीसकट. यमुनामावशी कुठे दिसते ते मी शोधत राहिले. शेवटी एका तक्त्याखाली बारीक अक्षरांत सापडली: श्रवणदोष आढळल्याने एक बालक आणि त्याची संगोपनकर्ती यांना विश्लेषणातून वगळण्यात आले आहे.

शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होतं. मॅडमनी मला ते नीट समजावून सांगितलं आणि मला पटलंही. आमच्या कामात हेच अवघड असतं, सगळं पटत जातं.

सहभागी कुटुंबांना संस्थेतर्फे एक आभारपत्र आणि एक स्टीलचा डबा द्यायचा होता. भाज्याचं वाटप मी मागून घेतलं आणि अहवालाची माझी प्रतही बरोबर नेली. मावशी दारात शेंगा निवडत होती. रूपा शेजारी पाटीवर काहीतरी गिरवत होती. मावशीने डबा उलटा करून बुडाला टिचकी मारली, बाजूला ठेवला, आणि अहवाल मांडीवर घेऊन पानं उलटली.

"आमचं काय लिवलंय ह्यात?"

"तुमचं नाही मावशी त्यात. वगळलंय."

"का? आमी काय केलं?"

"रूपाला ऐकू येत नव्हतं म्हणून. तसा नियम असतो."

मावशीने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. विचार करताना ती नेहमी खालच्या वाटेकडे बघायची, तशी बघत राहिली.

"म्हंजी जिला ऐकू येत न्हवतं तिला काडलं."

"हो."

"आन् ज्यांनी ऐकलं न्हाई, त्यांचं?"

ती रागाने बोलत नव्हती. खरंच विचारत होती. अहवाल तिच्या मांडीवर उघडा होता. मी शेवटची पानं उलटली. तिथे आभार होते. त्यांखाली, 'क्षेत्र-अन्वेषक' या मथळ्याखाली, आम्हा सगळ्यांची यादी. मी बोट ठेवलं.

"त्यांची नावं छापलीत, मावशी. हे माझं."

मावशी इंग्रजी अक्षरांकडे बघत राहिली. मग हसली, मोठ्याने, दात पडलेल्या जागा दिसतील अशी. तिने भुईवर दोनदा पाय आपटला. रूपाने मान वर केली. आजीने कानाकडे खूण केली आणि माझ्या दिशेने बोट दाखवलं.

"वाचा," मला म्हणाली. "पोरीला ऐकू द्या."

मी माझं नाव वाचलं. रूपाने मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून. मी पुढे सरकले आणि पुन्हा वाचलं, सावकाश, आडनावासकट, तिच्याकडे तोंड करून.